साडूची मूर्ती आणि पोहायचे पापड

पेण-रोह्याकडच्या माणसाला बोलायला विषय लागत नाही, ऐकणारा लागतो. पूर्वी तो एसटी स्टँडवर मिळायचा, सलूनमध्ये मिळायचा, गणपतीच्या कारखान्यात तर हमखास मिळायचा, कारण तिथे हात कामात आणि कान रिकामे असतात. हल्ली जो तो मान खाली घालून बसलेला. ऐकणाऱ्यांचा असा दुष्काळ पडला आणि नेमक्या त्याच सुमाराला फोन स्वतःच ऐकू लागला. 2017 च्या ऑगस्टमध्ये गूगलने बोलून टाइप करण्याची सोय 30 नव्या भाषांना दिली, त्यांत मराठीचा नंबर लागला. बंगाली, गुजराती, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू आणि उर्दू अशा सात बहिणी त्याच खेपेला आत आल्या. हिंदी आधीच आत जाऊन खिडकीची जागा पकडून बसली होती.

ही सोय खरी कोणासाठी, तर ज्यांचे हात मोकळे नाहीत त्यांच्यासाठी. आणि पेण हे हात मोकळे नसलेल्यांचं गाव आहे. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घरोघरी मूर्तिकाम; हात मातीत, नाहीतर रंगात. गावात बायकांचे हात पोह्याच्या पापडांच्या लाट्यांत. तिकडे रोह्याला धाटावच्या एमआयडीसीत हातमोजे, आणि हातमोजा घातलेलं बोट फोन ओळखत नाही. शिवाय दोन्हीकडे एक मोठा वर्ग असा आहे, की ज्याला कीबोर्डवरचा 'ज्ञ' अजून सापडलेला नाही. हा वर्ग इतकी वर्षं ज्ञानेश्वर नावाच्या पुतण्याला मेसेजात नुसतं 'बाळ' म्हणत आला. अशा सगळ्यांना फोन म्हणाला, बोला, मी लिहितो. बोलायला सांगण्याची गरज नव्हतीच. लिहिलं काय, एवढाच प्रश्न होता.

माझ्या ओळखीच्या एका मूर्तिकाराला ऐन हंगामात ठाण्याहून मेसेज आला: 'दीड फुटाची साडूची मूर्ती हवी आहे. रंग नैसर्गिक ठेवा. साडू पाण्यात लवकर विरघळतो ना?' मूर्तिकार तीन पिढ्यांचा, गिऱ्हाइकाच्या घरगुती भानगडीत न पडणारा. त्याने फोन तोंडाशी धरून उत्तर दिलं, 'शाडू तासाभरात विरघळतो.' ते ठाण्याला 'साडू तासाभरात विरघळतो' असं पोचलं आणि गिऱ्हाइकाचं पूर्ण समाधान झालं. दोन्हीकडची चूक सारखीच असली की व्यवहार सुरळीत होतो, हे या यंत्राचं मोठंच बलस्थान म्हणायला हवं.

पापडवाल्यांचं तेवढं नशीब नाही. 'पोह्याचे पापड पाच किलो आणि मिरगुंडं दोन किलो' अशी साधी मागणी डोंबिवलीहून निघाली, ती पेणला 'पोहायचे पापड पाच किलो आणि मी गुंड दोन किलो' होऊन उतरली. बचत गटाच्या ताईंनी शांतपणे कळवलं, 'पोहायचे नाहीत, तळायचे आहेत. बाकीचं समक्ष बोलू.' थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात शेतोशेती पोपटी लागते, मडकं उलटं घालून भोवती जाळ करायचा. त्याचं आमंत्रण एका रसिकाने सगळ्या मित्रांना धाडलं: 'शनिवारी शेतावर पोपट लावतोय, येताना अंडी घेऊन या.' मुंबईच्या मित्रांपैकी एकाने, पोपटाला अंडी लागतात का, असं विचारलं. तो गंभीरपणे विचारत होता. खारेपाटातला जिताडा मासा तर फोनने अजून एकदाही धड पकडलेला नाही. 'मोठा जिताडा मिळाला' असं सांगितलं की तो 'मोठा जिथे राडा मिळाला' असं लिहितो, आणि पोलीसपाटील असलेल्या चुलत्याचा लगेच फोन येतो.

सगळ्यांत महाग पडली ती रोह्याची चूक. माझी सासुरवाडी रोह्याची. सासऱ्यांनी पुण्याच्या आपल्या साडूंना (हे खरे साडू, मातीचे नव्हेत) बोलून मेसेज केला, 'रविवारी रोह्याला या.' पुण्याला पोचलं, 'रविवारी राहायला या.' पुण्याच्या माणसाला असं कोणी आपण होऊन बोलावत नाही, त्यामुळे ते दोघं भारावून मोठी बॅग घेऊन आले. धाविरमहाराजांचं देऊळ झालं, कुंडलिकेचा काठ झाला, कोलाडचं राफ्टिंग लांबून पाहून झालं, तरी बॅग उघडीच. फोनचं ऐकणं किती बरोबर हे मोजणारे लोक शंभर शब्दांत किती बदलले, किती गळले आणि किती नसते घुसले याची बेरीज करून टक्केवारी काढतात. त्या हिशेबात 'आहे'चं 'आहेत' झालं तरी चूक एक आणि 'रोह्याला'चं 'राहायला' झालं तरी चूक एकच. चहा-नाश्त्याचा खर्च त्या सूत्रात धरलेला नाही.

असं का होतं, याचं उत्तर फोनच्या दुकानात विचारलं तर 'नवीन मॉडेल घ्या' असं मिळतं. खरं उत्तर वेगळं आहे. फोन आपण समजतो तसा ऐकत नाही, तो अंदाज बांधतो. आवाजाचे तो बारीक बारीक तुकडे पाडतो, एका सेकंदाचे साधारण शंभर. प्रत्येक तुकडा कोणत्या ध्वनीचा असावा याचा एक अंदाज, मग त्या ध्वनींचा शब्द कोणता असावा याचा दुसरा, आणि या शब्दानंतर माणसं बहुधा कोणता शब्द बोलतात याचा तिसरा. हा तिसरा अंदाज त्याने आधी वाचलेल्या आणि ऐकलेल्या ढीगभर मजकुरावरून शिकलेला असतो. त्या ढिगात 'राहायला या' लाखो वेळा आलेलं, 'रोह्याला या' क्वचित. मग संशयाचा फायदा मोठ्या पार्टीला. याच कारणाने 'दगडूशेठ' आणि 'लालबाग' हे शब्द तो झोपेतही बरोबर लिहितो. पण ज्या गावात दगडूशेठच्या आणि लालबागच्या घाटाच्या मूर्ती हजारांनी घडतात, त्या हमरापूरचं तो हमीरपूर करून थेट उत्तर प्रदेशात नेऊन ठेवतो. जोह्याचं 'जो आहे'. वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस 'वडाखाली अडकलोय' असं कळवतो. त्या रस्त्याचं रुंदीकरण 2011 पासून चाललेलं असल्यामुळे घरच्यांना तेही खोटं वाटत नाही. सुकेळी खिंडीची 'सुकी केळी खिंड' होते. आणि खुद्द पेण? पेण तर त्याच्या लेखी लिहिण्याची वस्तू आहे. 'पेणहून निघालोय'चं 'पेन होऊन निघालोय' होतं.

त्यात मराठीचा स्वभाव चिकट. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, वर आणखी 'च' नाहीतर 'ही' असं सगळं ती शब्दाला चिकटवत जाते. पेण, पेणला, पेणचा, पेणहून, पेणपासूनच, पेणवाल्यांनाही. आपल्याला हे एकच गाव वाटतं. फोनला ती निरनिराळी माणसं वाटतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना तो आयुष्यात भेटलेला नसतो.

दिवा-रोहा मेमूत हे सगळं सार्वजनिकरीत्या चालतं. पूर्वी डब्यात लोक फोनवर बोलायचे तेव्हा निदान अर्धंच संभाषण कळायचं. आता माणूस आपला निरोप सावकाश, स्पष्ट, शब्द तोडून पुन्हा पुन्हा म्हणतो, त्यामुळे सबंध डब्याला तो पाठ होतो. एक गृहस्थ पेणला चढले, जागा मिळाली, आणि फोनच्या खालच्या टोकाशी तोंड नेऊन म्हणाले, 'मी निडीला उतरतोय, गाडी घेऊन ये.' पाहिलं तर 'मी नदीला उतरतोय, गाडी घेऊन ये.' पुन्हा बोलले. 'मी नदीत उतरतोय.' कासू गेलं. समोरच्या कॉलेजच्या मुलीने सांगितलं, 'काका, हळू नका बोलू, नेहमीसारखं बोला.' शेजारच्या निवृत्त गुरुजींनी सांगितलं, 'ड वर जोर द्या.' तिसऱ्याने सांगितलं, 'रोह्यालाच उतरा, तिथून रिक्षा मिळते.' नागोठणं मागे पडलं तेव्हा सगळा डबा कामाला लागला होता. शेवटी एकदाचा 'निडी' शब्द बरोबर उमटला आणि त्या आनंदात त्यांनी पुढचं न वाचता बटण दाबलं. गेलेला मेसेज असा: 'मी निडीला उतरतोय अहो ड वर जोर द्या काका जरा सरका खारे शेंगदाणे दहाला एक गाडी घेऊन ये.' दोन मिनिटांत पुतण्याचं उत्तर आलं, 'मलापण एक पुडी आणा.'

यात फोनचा दोष म्हणाल तर एवढाच, की डब्यातला मालक कोण आणि शेंगदाणेवाला कोण हे त्याला कळत नाही. जो आवाज जवळचा आणि मोठा तो त्याचा. आणि मेमूत शेंगदाणेवाल्यापेक्षा मोठा आवाज कोणाचाच नसतो.

खरं तर एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं, हा प्रकार आम्हाला नवा नाही. लेखनिकांचा जो मुख्य देव, तो तर पेणलाच तयार होतो. व्यासांनी महाभारत सांगायला घेतलं तेव्हा गणपतीने अट घातली, मध्ये थांबायचं नाही, थांबलात की माझी लेखणी बंद. आपल्या फोनची अट अक्षरशः हीच आहे. बोलता बोलता नाव आठवायला जरा घुटमळलात की माइकचं चिन्ह विझतं. पण व्यासही कच्चे नव्हते. त्यांनी उलट अट घातली, अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. फोन बनवणाऱ्यांनी गणपतीची अट तेवढी उचलली आणि व्यासांची सोयीस्करपणे विसरले.

आमच्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या शिवथरघळीत, रामदास सांगत आणि कल्याणस्वामी दासबोध लिहून घेत, अशी परंपरा आहे. आणि पेण तालुक्यातल्या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 ला जन्मलेल्या विनोबांचं उदाहरण तर अगदी कागदोपत्री. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. 'गीता प्रवचने' त्यातून झालं. आजूबाजूला कैद्यांची गर्दी, माइक नाही, नेटवर्क नाही, मागे जाऊन पुन्हा ऐकायची सोय नाही. तरी 'कर्मयोग'चं 'करमत नाही' झालं नाही. कारण उघड आहे. लिहून घेणारा पालगडचा, कोकणातलाच, मराठीत मुरलेला आणि गीता जाणणारा. पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज तोही बांधतच असेल. पण तो बोलणाऱ्याच्या जगात राहणाऱ्याचा अंदाज होता. फोन आपल्या खिशात राहतो, जगात राहत नाही.

असो. साने गुरुजी सगळ्यांनाच मिळत नाहीत, तेव्हा हाती आहे त्या लेखनिकाकडून काम कसं काढून घ्यायचं ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे तो कोणत्या भाषेत कान लावून बसलाय ते बघा. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. कीबोर्डच्या सेटिंगात जाऊन मराठी भाषा जोडावी लागते आणि बोलायच्या वेळी तीच निवडलेली असावी लागते. ती हिंदीवर राहिली असेल तर तुमचं 'माझा' तो 'मजा' म्हणून लिहितो, आणि इंग्रजीवर असेल तर जे लिहितो ते वाचून आपण आजारी आहोत असं घरच्यांना वाटतं. ज्या फोनवर मराठीचा ऑफलाइन संच मिळतो तिथे तो उतरवून ठेवावा, म्हणजे खिंडीत रेंज गेली तरी लेखनिक जागेवर राहतो.

दुसरी गोष्ट माइकच्या भोकाची. फोनच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढं जे भोक असतं, तोच त्याचा कान. पेणच्या कारखान्यांतल्या फोनांचे कान वर्षाचे आठ महिने प्लास्टरने बुजलेले असतात. बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे एक मूर्तिकार फोन घेऊन गेला, 'याला माझं काही ऐकूच येत नाही' म्हणून. दुरुस्तीवाल्याने मऊ ब्रश फिरवला, टेबलावर पांढरी पूड पडली, त्याने ती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाला, 'शेठ, यात एक उंदीर होईल गणपतीचा.' ब्रश कोरडा आणि मऊ हवा. सुई घालू नये. सुई घातली की धूळ निघते आणि पाठोपाठ माइकही निघतो. काही फोनांना वरच्या बाजूला किंवा मागे आणखी एक भोक असतं, ते आजूबाजूचा गोंगाट ओळखून वजा करण्यासाठी. हौसेने घेतलेल्या जाड कव्हराने ते झाकलं, किंवा नेमकं तिथेच बोट ठेवून बोललं, की शेंगदाणेवाला आत येतो.

फोन तोंडापासून वीतभर लांब धरावा. तोंडाला लावला तर 'प', 'फ', 'भ' यांच्याबरोबर जी हवा सुटते तिचा त्याला वादळासारखा आवाज येतो, आणि 'पापड' म्हणणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावं. ओरडू नये. आमच्याकडे, ऐकू आलं नाही तर मोठ्याने बोलायचं, अशी सरळ समजूत आहे. माणसांच्या बाबतीत ती चालते, पण माइकच्या मर्यादेपलीकडचा आवाज फाटतो आणि फाटक्या आवाजाचा अंदाज आणखी फाटका निघतो. शब्द तोडून, मुलाला शुद्धलेखन घालावं तसंही बोलू नये. 'निडीला' एकटं म्हटलं तर ते नदी, निधी, नीट काहीही होऊ शकतं. 'नागोठण्याच्या पुढच्या निडी स्टेशनवर उतरतोय' असं सबंध वाक्य एका दमात म्हटलं तर आजूबाजूचे शब्द त्याला हाताला धरून नेतात. मेमूतल्या त्या मुलीचा सल्ला गुरुजींच्या सल्ल्यापेक्षा शास्त्रशुद्ध होता. गुरुजींना हे कोणी सांगितलेलं नाही.

गोंगाटाचं म्हणाल तर पंखा बंद करावा, टीव्ही बंद करावा. टीव्ही चालू ठेवून निरोप दिला तर मालिकेतल्या सासूचं एखादं वाक्य तुमच्या सुनेला तुमच्या नावावर जातं, आणि त्याचे परिणाम तांत्रिक राहत नाहीत. जून ते सप्टेंबर पत्र्याखाली बसून बोलण्यात अर्थ नाही. कोकणातला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारी बसलेली बायकोसुद्धा ऐकू येत नाही, फोनकडून काय अपेक्षा करणार. तारेचा साधा इअरफोन असेल तर त्याचा माइक अशा वेळी बरा चालतो. बिनतारी इअरफोन दिसायला ऐटबाज असले तरी त्यांतले बरेचसे माइक चालू होताच आवाज आवळून पाठवतात.

आकडे मात्र बोटांनीच लिहा, हा माझा ठाम आग्रह. 'एकोणसत्तर' आणि 'एकोणऐंशी' यांत आपलीच भंबेरी उडते, तिथे त्या गरिबाला कुठे वेठीला धरायचं? आणि आमचा सगळा धंदा सव्वा, दीड, अडीच, औटाचा. 'सव्वादोन फुटी पन्नास' अशी कच्च्या मूर्तींची ऑर्डर फोनने 'सव्वा, दोन फुटी पन्नास' अशी फोडली तर गणपती किती आणि केवढे, हे थेट चतुर्थीला उलगडतं. विरामचिन्हांचंही तसंच. 'पूर्णविराम' म्हटल्यावर काही फोन ठिपका देण्याऐवजी मोठ्या निष्ठेने 'पूर्णविराम' हा शब्दच लिहितात. श्रद्धांजलीच्या मेसेजात तो शोभून जातो, एरवी नाही. गावांची, माणसांची नावं कीबोर्डच्या शब्दकोशात एकदा घालून ठेवावीत, ओळखीच्यांचे नंबर देवनागरी नावांनी जतन करावेत. काही फोन तेवढ्यानेही सुधारतात. आणि पाठवण्याआधी वाचावं. हा शेवटचा उपाय सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीही करत नाही.

इतकं सगळं केल्यावर फोन सुधारतो. पण त्याच्याबरोबर आपणही सुधारतो, आणि तिथे मला जरा शंका आहे.

आमच्या शेजारच्या आत्या वाशीच्या. वाशी म्हणजे आमच्या खारेपाटातलं, नव्या मुंबईतलं नव्हे. हे फोनलाही दर वेळी सांगावं लागतं. आत्यांची बोली आगरी. तिथे ळ चा ल होतो, ण चा न होतो. 'पानी' म्हटलं, 'काला' म्हटलं, की फोनला वाटतं बाई हिंदीत शिरल्या. 'मना येवाला उशीर व्हईल' असं त्यांनी घाटकोपरच्या मुलाला कळवायला घेतलं, तर फोनने लिहिलं, 'मनाला येवल्याला उशीर होईल.' नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याशी आत्यांचा पैठणीपुरताही संबंध नाही. नातीने सांगितलं, आजी, फोनशी पुस्तकातलं बोलायचं असतं. आत्यांनी पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसं म्हणाल्या, 'मला यायला उशीर होईल. वाट पाहू नये.' फोनने काना-मात्रेसकट अचूक लिहिलं. चूक शून्य. मेसेज गेला आणि अर्ध्या मिनिटात मुलाचा घाबरून फोन आला: 'आये, बरी हाईस ना? कोन काय बोललं तुला?' आत्या एवढ्या शुद्ध बोलतात त्या दोनच वेळी, तहसील कचेरीत आणि सुनेवर रागावल्या की.

शंभर टक्के अचूक लिहिलेला तो मेसेज मुलाच्या दृष्टीने सपशेल चुकला होता, आणि त्याआधीचा येवल्याचा मेसेज गेला असता तर त्याने हसून बरोबर वाचला असता. पेण-रोह्यात हल्ली अशी फोनपुरती मराठी बोलणारी बरीच माणसं दिसतात. बायकोला 'गो' म्हणणारा माणूस फोनला 'कृपया' म्हणतो. माणसाने यंत्राला शिकवायचं की यंत्राने माणसाला, हा वाद आमच्याकडे यंत्राने केव्हाच जिंकलेला आहे, कारण त्याच्यापाशी वेळ भरपूर आहे.

उलटा रस्ता नाही असं नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे 8 कोटी 30 लाख लोक आहेत. फोनने शिकण्यासाठी ऐकलेले मराठी आवाज त्यांतल्या अगदी थोड्यांचे, आणि तेही बहुतेक शहरी. 2020 साली छापून आलेल्या एका अभ्यासात गावातल्या आणि शहरातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांकडून आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून मराठी वाचून घेतलं. माणसं 36, ध्वनिमुद्रण 109 तास. निष्कर्ष असा निघाला, की या कामाला एरवी लावतात त्या विद्यार्थ्यांच्या तोडीचं काम गावातल्या माणसांनी केलं. आत्यांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांचं मत असं, की पोरं तोंडातल्या तोंडात बोलतात.

त्यानंतर ही कामं वाढली आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि गूगल यांच्या 'वाणी' प्रकल्पाने देशातल्या 773 जिल्ह्यांतले आवाज गोळा करायचं योजलं आहे. मद्रास आयआयटीतली 'एआयफॉरभारत' ही मंडळी 22 भारतीय भाषांचं बोलणं जमवतात आणि खुलं करतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावची माणसं ध्वनिमुद्रित केली. केंद्र सरकारच्या 'भाषिणी'त 2022 पासून भाषादान करता येतं. पैसा, रक्त, डोळे यांच्या जोडीला दानाचा हा एकमेव प्रकार असा आहे, की जो बोलघेवड्या माणसाने केला तर घरचेही आभार मानतात. आणि मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'वर मराठी आहे. तिथे दिलेली वाक्यं वाचता येतात, दुसऱ्यांनी वाचलेली तपासता येतात आणि आपली स्वतःची वाक्यंही देता येतात.

यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. दिलेली वाक्यं बहुतेक अशी असतात, की त्यांत मिरगुंड येत नाही, जिताडा येत नाही, निडीला कोणी उतरत नाही. तेव्हा पेण-रोह्याच्या वाचकांना विनंती, की शुद्ध बोलण्याची कसरत चार दिवस थांबवा आणि आपल्याकडच्या रोजच्या बोलण्यातली वाक्यं तिथे घाला. शाडू कसा मळतात, पोपटीला भांबुर्ड्याचा पाला कुठून आणतात, हमरापूर सोडून गाडी पेणला किती वाजता लागते, जे रोज बोलता ते. मग ती स्वतःच्या आवाजात वाचा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून वाचून घ्या. एका वाक्याला मिनिटसुद्धा लागत नाही. ल चा ळ करू नका आणि पंखा तेवढा बंद ठेवा.